भोयाची सुरी

दिघेसाहेबांनी गोणपाट उलगडलं, आतली सुरी हातात घेतली, एकदा उलटी, एकदा सुलटी करून पाहिली आणि हसायला लागले. आधी गालातल्या गालात, मग चांगलं पोट धरून. आमच्या पालासमोर रस्त्याकडेला त्यांची जीप उभी होती, तिचा ड्रायव्हरही मान वळवून बघायला लागला.

"बाबा, हे काय केलंत?"

"तुमची भोयाची सुरी," आप्पा म्हणाले. "वाकवून बगा. वाकंल आन् परत सरळ हुईल. मासा सोलताना काट्याला मास ऱ्हायचं न्हाई."

आप्पा म्हणजे माझे सासरे. आम्ही घिसाडी. त्या वर्षी आमचं पाल वाईहून धोमकडे जाणाऱ्या रस्त्याला, करंजाच्या झाडाखाली पडलं होतं. आप्पा सांडशीनं तापलेलं लोखंड धरायचे, मी घण मारायची आणि आमचे हे पंखा फिरवून भट्टी फुलवायचे. आमच्यात घण बाईच मारते. येणारेजाणारे थांबून बघायचे आणि बाईमाणसाला केवढं काम म्हणून हळहळायचे. मला हसू यायचं. घण खाली येताना सगळं वजन त्याचंच असतं, आपण फक्त वाट दाखवायची. आप्पा छोट्या हातोडीनं जिथं टिचकी देतील तिथं घण पडला पाहिजे, आणि त्यांनी हातोडी ऐरणीवर आडवी ठेवली की थांबायचं. एवढं समजलं की सासऱ्या-सुनेला दुसरं काही बोलायची गरज पडत नसे.

ते बरंच होतं, कारण बोलायची रीतच नव्हती. आमच्या घरात सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नसे, त्यातून परके पुरुष असले तर तोंडातून अक्षर काढत नसे. मला काही सांगायचं झालं तर मी ह्यांना सांगायची, आप्पाही ह्यांनाच सांगायचे, आणि आम्ही हातभर अंतरावर बसून एकमेकांचं ऐकलंच नाही असं दाखवायचो. मधल्या मधे हे मात्र गप्प. कुणी विचारल्याशिवाय हे भूक लागली हेसुद्धा सांगत नसत. लग्न होऊन मुलगी शाळेला जायच्या वयाची झाली, तरी माझा एक शब्द आप्पांना उद्देशून गेला नव्हता.

दिघेसाहेब जहाजावरच्या नोकरीतून निवृत्त होऊन धरणाच्या पाण्याकाठी फार्महाउस बांधून राहिले होते. देशोदेशीच्या सुऱ्या जमवायचा त्यांना नाद. आधीच्या आठवड्यात ते येऊन ही सुरी सांगून गेले तेव्हा मी वाईच्या बाजारात विळे-खुरपी विकायला बसले होते. आप्पांनी मला ह्यांच्यामार्फत सांगितलं ते एवढंच, की साहेबांना भोयाची सुरी पाहिजे. धरणावर भोई लोक मासे धरतात, साहेब पाण्याकाठी राहतात, तेव्हा त्यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. पुढच्या बाजाराला मी पुन्हा गेले आणि परत आले तोवर सुरी तयार होती; पातळ पात्याला घण लागत नाही, हातोडी पुरते.

"अहो, भोई नाही. बोई," साहेब डोळे पुसत म्हणाले. "बोई नाइफ. अमेरिकेतले शिकारी कमरेला लावतात. चांगली रुंद, जाडजूड. मी तुम्हाला चित्र काढून दिलं होतं ना?"

"हाय की चित्र." आप्पांनी बंडीच्या खिशातून कागद काढला, उलगडला आणि डोळ्यांसमोर धरला. "ह्याच्याच परमानं केलीया."

मी समोर ऐरणीपाशी बसले होते. कागदाची चित्राची बाजू माझ्याकडे होती. रुंद पातं, टोकाशी पाठ खोलगट घेतलेली, मुठीपाशी आडवी पट्टी, सगळं ठळक काळ्या शाईत. आप्पांच्या डोळ्यांपुढं होती ती कागदाची कोरी बाजू. ती बघत ते मान डोलवत होते.

साहेब खाली मान घालून सुरी वाकवून बघत होते, त्यांच्या ध्यानात आलं नाही. आप्पांनी कागदाची घडी घालून परत खिशात ठेवली. चहाचा कप देताना त्यांचा हात आधी हवेत थांबायचा, हाक मारली की ते आवाजाच्या जरा बाजूला बघायचे, हे मी रोज बघत होते आणि म्हातारपण म्हणून सोडून देत होते. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे निखाऱ्यांत काय शोधत होते कोण जाणे, मान वर करेनात.

साहेब रागावले नाहीत. माणूस खेळकर होता. बोईची भोई झाली ही गंमत त्यांना इतकी आवडली की तिथूनच त्यांनी कुणा मित्राला फोन लावून ती सांगितली. मग आप्पांना म्हणाले, की रविवारी पुण्याचे पाहुणे येणार आहेत, भट्टी घेऊन माझ्याकडे या आणि त्यांच्यासमोर खरी बोई नाइफ बनवा. फाटकाशी पत्र्याची शेड रिकामी पडली आहे. सुरी मनासारखी झाली तर तिथंच भट्टी टाका, कायमची, मित्रांकडून कामं मी मिळवून देतो.

शेड म्हणजे काय हे पालात राहिल्याशिवाय कळायचं नाही. आमची मुलगी तोवर जिथं पाल पडेल तिथल्या शाळेच्या ओसरीत बसून यायची. हजेरीपटावर तिचं नाव कुठंच नव्हतं. शेड मिळाली तर ते लागणार होतं.

"ही तुम्हालाच ठेवा," जीपमध्ये बसताना साहेबांनी ती पातळ सुरी माझ्याकडे दिली. "मी मासे खातो, सोलत नाही."

जीप गेल्यावर मी ह्यांना पाण्याच्या निमित्तानं हापशावर नेलं आणि विचारलं, आप्पांना दिसत नाही काय?

"लाल दिसतं," हे म्हणाले.

"म्हंजे?"

"लोखंड लाल झालं की दिसतं. बाकी धुरावानी."

कधीपासून, म्हटलं तर म्हणाले, झाले की दिवस. मी रागानं हंडा आपटला. घरातल्या माणसाचे डोळे जातात आणि घरातल्या बाईला ते कोऱ्या कागदावरून कळतं.

लाल दिसतं म्हणजे अर्धं काम होत होतं. लोखंड लाल करून ठोकता येतं, घडल्यावर पुन्हा लाल करून तेलात बुडवता येतं. त्याला आम्ही पाणी देणं म्हणतो, मग बुडवायला तेल असो की पाणी. पण पाणी दिलेलं पातं काचेसारखं ठिसूळ होतं, म्हणून त्याचं थोडं पाणी उतरवावं लागतं. पातं घासून पांढरं करायचं, पाठीकडून तापलेल्या लोखंडी ठोकळ्यावर धरायचं आणि त्याच्यावर रंग चढताना बघायचे. नवी नवरी होते तेव्हा आप्पांनी ह्यांना समोर बसवून मला ते रंग शिकवले होते. तिला सांग, पहिल्यांदा तूप येतं, मग मध, मग गूळ, मग वांगं, मग मोर. पातळ सुरी मधावर काढायची, जाड सुरी गुळावर, कुऱ्हाड वांग्यावर. रंग पुढं सरकला की धार मऊ, आधीच काढलं की धार ठिसूळ. हे रंग लाल नसतात. नजर चांगली असली तरी ते हातोहात निसटतात, आणि आप्पांना तर सगळं धुरावानी दिसत होतं.

असं असूनही आमचा एकही विळा बाजारातून परत आला नव्हता. हे कसं, असा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. पण मला रविवारची काळजी लागली होती, आणि काळजीत माणूस स्वतःला फार शहाणं समजतं.

आप्पांनी चित्र पाहिलं नाही, तर ते सुरी घडवणार कशी? मी त्यांची बंडी धुवायला घेतली, कागद काढून घेतला आणि त्याच्यावरून जुन्या पत्र्याचा नमुना छिन्नीनं कापला. तो आप्पांच्या बसायच्या जागी ठेवला आणि ह्यांना मोठ्यानं सांगितलं, की साहेबांच्या ड्रायव्हरनं नमुना आणून दिला आहे. ड्रायव्हर आलाच नव्हता. आप्पांनी नमुना उचलला, अंगठ्यानं कडेकडेनं चाचपला, टोकाशी पाठीला घेतलेल्या खोलगटीपाशी अंगठा दोनदा फिरवला. मग तो हातोडीशेजारी ठेवला. मला वाटलं, चला, त्यांचीही अब्रू राहिली आणि कामही झालं. मी स्वतःवर भलतीच खूश झाले.

रविवारी सकाळी टेम्पोत सगळं घालून आम्ही गेलो. फार्महाउसच्या हिरवळीवर ऊन लागू नये म्हणून साहेबांनी आमच्यासाठी पिवळ्या कापडाचा मंडप घातला होता. समोर खुर्च्या, खुर्च्यांत पाहुणे, कुणाच्या हातात कॅमेरे, कुणाच्या हातात सरबत. सगळे चांगले लोक होते. मी घण उचलला तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी पदर आणखी पुढं ओढला.

ट्रकच्या कमानीचा पाटा घेतला होता. लाल झाला की आप्पा सांडशीनं काढायचे, हातोडीची टिचकी, माझा घण, टिचकी, घण. टोक काढलं, पातं पसरवलं, मधेच थांबून आप्पा पत्र्याचा नमुना चाचपायचे. बघणाऱ्याला वाटावं, माप घेताहेत. जेवणाच्या वेळेपर्यंत कागदावरची सुरी ऐरणीवर आली होती. साहेबांच्या मशीनवर हे ती घासून आले. मग आप्पांनी ती पुन्हा लाल केली आणि तेलाच्या बादलीत सोडली. भपकन जाळ उठला, लोक मागं सरकले आणि हसले. आप्पांनी कान बादलीकडे लावला होता. पातं तडकलं तर टिंग असा बारीक आवाज येतो. तो आला नाही.

"हिला गुळावर आणायची," आप्पा ह्यांना म्हणाले.

मी पातं दगडानं घासून पांढरं केलं आणि सांडशीत दिलं. ठोकळा तापला होता. आप्पांनी पाठीकडून पातं त्याच्यावर टेकवलं. दुसऱ्या हातात तुराटीची वाळकी काडी होती. भट्टीवर बसले की आप्पांच्या हाताला कसला तरी चाळा लागायचा, आणि हल्ली तो तुरीच्या काडीचा होता. पात्यावरून ती काडी उगीच ओढत बसायचे. मला त्या दिवशी त्या काडीची कीव आली. दिसत नाही म्हणून हाताला काहीतरी करायला लागतं, असं वाटलं.

साहेब पाहुण्यांना समजावून सांगत होते. हे लोक थर्मामीटर वापरत नाहीत, नुसत्या नजरेनं रंग ओळखतात, बाबांची नजर बघा. सगळे आप्पांची नजर बघायला पुढं वाकले. एका बाईंनी त्यांच्या डोळ्यांचा अगदी जवळून फोटो घेतला. आप्पा पात्याकडे तोंड करून बसले होते आणि काडी ओढत होते. मी पात्यावरून नजर हलवली नाही. तूप आलं. तूप सरकलं, मध आला असं वाटलं. मध गडद व्हायला लागला. आप्पांचा हात ढिम्म.

गूळ आला. मला स्वच्छ दिसला. आप्पा काढेनात. मी ह्यांच्याकडे पाहिलं, तर हे पंख्याच्या दांड्याला धरून आपले शांत. आणखी थोडं गेलं की वांगं येणार, सुरी मऊ पडणार, शेड जाणार, आणि एवढ्या कॅमेऱ्यांसमोर आप्पांना दिसत नाही हे जगजाहीर होणार. परक्या पुरुषांसमोर आणि सासऱ्यांसमोर मी तोंड उघडलं. ह्यांच्याकडे बघत, पण आप्पांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले,

"अहो, गूळ आलाय घरात. काढून ठेवायला पायजे."

कुणाला काही कळलं नाही. एक बाई हसल्या, एवढ्यात हिला घरचा बाजार आठवला म्हणून. आप्पांचा काडीचा हात थांबला. त्यांनी मान किंचित माझ्या बाजूला वळवली. काडी पात्यावरून आणखी एकदा ओढली, तशीच टाकून दिली, सुरी उचलली आणि पाण्यात बुडवली.

टाळ्या पडल्या. वा, काय नजर आहे बाबांची, असं कुणी तरी म्हणालं. मी पदराआड हसले. आप्पांची लाज राखली म्हणून मला त्या घटकेला केवढा अभिमान वाटत होता, हे आठवलं की आजही कान तापतात.

धार लावली, मूठ तात्पुरती दोरीनं बांधली. साहेबांनी बाभळीचं वाळकं खोड आणून ठेवलंच होतं. पाहुण्यांना बाजूला करून त्यांनी सुरी डोक्यावर नेली आणि पहिला घाव घातला. ढलपी उडाली. दुसरा घातला तेव्हा वेगळाच आवाज झाला. साहेबांनी सुरी डोळ्यांजवळ नेली. धारेचा अंगठ्याच्या नखाएवढा टवका उडाला होता.

टाळ्यांसाठी वर केलेले हात खाली आले.

"असं कसं झालं?" साहेब म्हणाले. रागानं नाही, खरंच कळलं नाही म्हणून. "मगाशी तर सगळं बरोबर चाललं होतं. कुणी घाई केली का?"

मी तोंड उघडणार होते. काय बोलणार होते ते आता सांगता येत नाही, पण त्याआधीच आप्पा उठून उभे राहिले. साहेबांच्या आवाजाकडे तोंड करायला गेले आणि जरा बाजूच्या रिकाम्या खुर्चीकडे झालं.

"सायेब, सुरी माज्या हातनं बिगाडली," ते त्या खुर्चीला म्हणाले. "माज्या मानसांची चूक न्हाई. मला डोळ्यानं दिसत न्हाई. तुमचं चित्तर बी मला दिसलं न्हवतं."

त्यानंतर जे झालं त्यात कुणाचं काही वाईट मनात नव्हतं, म्हणून ते जास्त लागलं. साहेब खजील होऊन म्हणाले, अहो बाबा, मग आधी सांगायचं नाही का. पाहुण्यांत एक डोळ्यांचे डॉक्टर होते. त्यांनी आप्पांना हाताला धरून मंडपाबाहेर उन्हात आणलं, फेटा मागं सारला, हनुवटी वर केली आणि सगळ्यांसमोर पापणी ओढून बघितली. आप्पा लहान मुलासारखे तोंड वर करून उभे राहिले. आयुष्यात कुणी त्यांच्या फेट्याला हात लावला नव्हता. मघाच्या बाईंनी कॅमेरा पिशवीत टाकला. डॉक्टर साहेबांना इंग्रजीत काहीतरी म्हणाले आणि मग आप्पांना म्हणाले, फार उशीर केलात. शेडबद्दल साहेब त्या दिवशी बोलले नाहीत, नंतरही नाही. आम्हीही विचारलं नाही.

टेम्पोत सामान भरताना ती सुरी साहेबांनी परत दिली. मंडपाबाहेर आल्यावर माझी तिच्यावर नजर पडली. उघड्या उन्हात पात्यावरचा रंग दिसत होता. चढलेला रंग पुसला जात नाही, तसाच राहतो. तो गूळ नव्हता, मधही नव्हता. फिकट तूप होतं. मी परत मंडपाच्या कापडाखाली गेले आणि सुरी पुढं धरली. पिवळ्या उजेडात तूप गूळ झालं.

म्हणजे माझ्या डोळ्यांनी मला फसवलं होतं, आणि मी आप्पांना. घरी येईपर्यंत मी मान वर केली नाही. आप्पा टेम्पोत ऐरणीला टेकून बसले होते. त्यांना न दिसणाऱ्या रंगाबद्दल मी खोटी साक्ष दिली आणि त्या आंधळ्या माणसानं ती खरी मानली, असं मी मनाला लावून घेतलं होतं. त्याहून वाईट काही असेल असं मला वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कालवणाला कांदा चिरायला ती भोयाची सुरी हाती लागली. आजही माझ्या घरात तीच सुरी आहे. सून म्हणते, नवी आणू या, मी आणू देत नाही. त्या सकाळी मी तिनं पहिल्यांदा काहीतरी चिरलं. कांद्यात ती अशी गेली की कापल्याचं हाताला कळलंच नाही. मी ती उन्हात धरली. टोकापासून मुठीपर्यंत एकसारखा मध. कुठं फिकट नाही, कुठं गडद नाही. पातळ सुरी मधावर काढायची, तशी बरोबर मधावर काढलेली.

हे पालाच्या दोऱ्या आवळत होते. मी विचारलं, ही सुरी केली तेव्हा रंग कुणी बघितला?

"कुणी न्हाई."

"मग उतरवली कशी?"

"काडीवर." मी तशीच उभी राहिले म्हणून त्यांना आणखी बोलावं लागलं. "आप्पा काडीवर उतरवतो. तुराटी पात्यावरनं वडायची. घसरती तवर कच्चं. अडकाय लागली की मध. करपल्याचा वास आला, टोक काळं पडलं, की गूळ. डोळं गेल्यापास्नं तसंच करतोय की."

"मला का न्हाई सांगितलं?"

"तू इचारलंस कुटं?"

बाजारातून एकही विळा परत का आला नाही, ते मला तिथं कळलं. मी कालच्या सामानाचं पोतं उघडलं. मंडपातून निघताना जमिनीवरचं सगळं मी त्यात गोळा केलं होतं, ठोकळा, दगड, पत्र्याचा नमुना, आणि तुराटीसुद्धा, चुलीला होईल म्हणून. काडी मिळाली. तिचं टोक दोन्ही बाजूंनी पाहिलं. पांढरं होतं. करपणं सोडा, तांबूससुद्धा झालं नव्हतं.

आप्पा करंजाखाली बसले होते. भट्टी पेटवली नव्हती. मी काडी घेऊन त्यांच्या समोर जाऊन बसले. हे दोरी हातात धरून बघत राहिले, कारण असं मी कधी बसले नव्हते.

"आप्पा," मी म्हणाले.

त्यांनी मान वर केली. या वेळी बरोबर माझ्याकडे झाली.

मी काडी त्यांच्या हातात दिली. त्यांनी टोकावरून बोट फिरवलं आणि ती मांडीवर ठेवली.

"तुमाला कळलं हुतं," मी म्हणाले. "कच्चं हाय म्हणून."

"व्हय."

"मग काढली का?"

रस्त्यानं एक एसटी गेली, तिची धूळ खाली बसली.

"डोळ्याचं काय, आज न्हाई तर उद्या लोकास्नी कळनारच हुतं," आप्पा म्हणाले. "तू चार परक्या मानसांत पयल्यांदा बोललीस, पोरी. तुजा शबुद खाली कसा पडू देऊ?"

मी पदर कपाळावरून खाली ओढला, पार हनुवटीपर्यंत. त्यांना तो दिसत नव्हता, तरी ओढला.